इंजिनाची जागा

गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती, ती आणायला गेलो तर आमच्या मेकॅनिकच्या दारात दुसऱ्या कुणाच्या तरी मोटरसायकलचं इंजिन उतरवून ठेवलेलं. जमिनीवर पोतं अंथरून त्यावर हेड, ब्लॉक, पिस्टन ओळीनं मांडले होते, शेजारच्या पत्र्याच्या परातीत पेट्रोलमध्ये बुडवलेले नट-बोल्ट, आणि सगळ्यावर तो जळक्या ऑइलचा वास, जो कपड्यांना लागला की दोन धुण्यांत जात नाही. गाडी बाजूला डबल स्टँडवर उभी. टाकी जागेवर, सीट जागेवर, हँडलला बांधलेलं लिंबू-मिरचीही जागेवर; फक्त पोटात मोठं भगदाड. त्या भगदाडातून पलीकडच्या टपरीवर चहा पिणारी माणसं दिसत होती. तेवढ्यात हाताखालचा पोरगा आला, त्यानं गाडी स्टँडवरून काढली आणि एका हातानं, दुसऱ्या हातात वडापाव, आत नेऊन लावली. ज्या गाडीला हलवताना माझ्यासारख्याची कंबर धरते ती अशी सायकलीसारखी गेलेली पाहून गंमत वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी मेकॅनिकला विचारलं, "इंजिन मधेच का बसवतात हो?" त्यानं पान्यावरून नजर न काढता उत्तर दिलं, "मग कुठं बसवणार सर? डोक्यावर?"

टपरीवरचे दोघे-तिघे हसले. मीही हसलो. पण ते उत्तर डोक्यात राहिलं ते राहिलंच. कारण मला अंधुक आठवत होतं की कुणीतरी एकदा ते जवळजवळ डोक्यावर बसवलं होतं.

ते कुणीतरी म्हणजे पॅरिसमधले मिशेल आणि यूजीन वेर्नेर हे दोघे भाऊ. त्यांच्या 1897 सालच्या गाडीचं चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. साधी सायकल. हिऱ्याच्या आकाराची नळ्यांची फ्रेम, पेडलं, चामड्याचं सीट, मागे चेन. सगळं ओळखीचं. आणि पुढच्या चाकावर, हँडलच्या पुढ्यात, कंदील लावायच्या जागी, एक उभं इंजिन. त्याच्या चाकापासून खाली पुढच्या चाकाच्या बाजूला लावलेल्या मोठ्या कप्पीपर्यंत पीळ दिलेला चामडी पट्टा. म्हणजे ओढणारं चाक पुढचं. हँडल वळवलं की इंजिनही वळणार, कारण ते हँडलच्याच नळीला जोडलेलं. बसणाऱ्याच्या नाकापासून हातभर अंतरावर ते धडधडत असणार आणि त्याच्या तेलाचे शिंतोडे थेट मिशीवर येत असणार. या यंत्राला भावांनी 'मोतोसिक्लेत' असं नाव दिलं, ते आपल्या नावावर नोंदवून घेतलं, आणि पुढे फ्रान्समध्ये ते नाव सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांना लागलं.

हे दोघे मुळात इंजिनियर नव्हतेच. रशियातून आलेले, पत्रकारी केलेले, पॅरिसमध्ये नव्या-नव्या चमत्कारिक वस्तूंची एजन्सी घेऊन धंदा करणारे लोक. फोनोग्राफ, टाइपरायटर, असं सगळं. यांच्या धंद्यातली एक गोष्ट मात्र आपल्याला फार जवळची आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1894 च्या शरद ऋतूत वेर्नेर कुटुंबानं पॅरिसमध्ये पुआसोनिएर बुलेव्हारवर एडिसनच्या किनेटोस्कोपचं दुकान उघडलं. लाकडी पेटी, वर एक भिंग, त्यात डोळा घालून एकट्यानं पाहायचं, आत पन्नासेक फूट फिल्म मोटरवर गरगर फिरते आणि काही सेकंद माणसं हलताना दिसतात. लुमिएर बंधूंचे वडील आंत्वान यांनी त्या सुमारास पॅरिसमध्ये ही पेटी पाहिली, फिल्मचा एक तुकडा मिळवला आणि ल्यॉनला परत येऊन मुलांना सांगितलं की असं काहीतरी करा, एडिसन याचे भलतेच पैसे घेतो. तो तुकडा एडिसनच्या फ्रान्समधल्या एजंटांकडून आला होता, असं लुमिएरांच्या कारखान्यातल्या मुख्य तंत्रज्ञानं नंतर सांगून ठेवलं आहे. पुढचं आपल्याला पाठ आहे: 7 जुलै 1896, मुंबई, वॉटसन हॉटेलात लुमिएरांच्या सिनेमाचा खेळ, आणि प्रेक्षकांत बसलेले आपले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, ज्यांनी ते पाहून विलायतेहून कॅमेराच मागवला आणि हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. तेव्हा मराठी माणसाच्या सिनेमाच्या वेडाचा एक धागा, बारीक का होईना, मोटरसायकलवाल्या भावांच्या दुकानातून गेलेला आहे. लुमिएरांनी पडद्यावर चित्र आणल्यावर एका डोळ्यानं पाहायच्या पेटीला कोण विचारतो? किनेटोस्कोपचा धंदा बसला. धंदेवाईक माणसं अशा वेळी रडत बसत नाहीत. यांनी दुसरं नवं काय आहे ते शोधलं. इपॉलित लाबित नावाच्या तंत्रज्ञानं एक लहान इंजिन सायकलीवर बसवण्याचा घाट घातला होता, त्यात हे पडले.

मी कधीतरी असा समज करून घेतला होता की पहिल्या मोटरसायकलवाल्यांना अक्कल कमी होती, म्हणून त्यांनी इंजिन भलतीकडे बसवलं. वाचत गेलो तसा तो समज ढासळला. आधी त्या काळात काय काय चाललं होतं ते बघा. म्युनिकच्या हिल्डेब्रांड-वोल्फम्युलर यांनी 1894 मध्ये विकायला काढलेली गाडी, दुचाकी मोटरसायकल म्हणून कारखान्यात संख्येनं तयार झालेली पहिली, तिचं इंजिन जवळपास दीड लिटरचं. 1488 सीसी! आणि ताकद अडीच घोड्यांची. आज एवढ्या सीसीत पाच माणसांची मोटार सामानासकट लोणावळ्याचा घाट चढते. त्या गाडीत पिस्टनचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले, रेल्वे इंजिनासारखे, आणि पिस्टन मागे सारायला रबराचे पट्टे लावलेले. मागचं चाक हेच फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं जड चाक. फेलिक्स मिये या फ्रेंच गृहस्थांनी तर पाच सिलिंडर मागच्या चाकाच्या आतच ताऱ्यासारखे बसवले होते, चाक फिरलं की सिलिंडरही फिरणार. ती गाडी घेऊन ते 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीलाही उभे राहिले. त्याहून मागे जायचं तर लुई-गियोम पेरोनं मिशोच्या सायकलीवर वाफेचं इंजिन बसवलं होतं, बॉयलर सीटच्या मागे, बसणाऱ्याच्या पाठीशी. त्या माणसाच्या धैर्याला नमस्कार. इंग्लंडात पर्क्स आणि बर्च यांनी इंजिन, टाकी, सगळं एकाच चाकाच्या पोटात भरलं. बेल्जियमच्या मिनर्व्हानं फ्रेमच्या पुढच्या तिरक्या नळीवर क्लिपनं अडकवलं. थोडक्यात, सायकलीवर जिथे जिथे इंजिन टेकवता येईल तिथे तिथे कुणीतरी ते टेकवून पाहिलेलं आहे.

आणि हे सगळे शहाणे लोक होते. पॅरिसच्या त्या वातावरणात द दिओं-बुतों यांचं छोटं वेगवान इंजिन आलेलं होतं. जॉर्ज बुतों या कारागिरानं ते असं बनवलं की मिनिटाला दीड हजाराच्या वर फेरे घेई, जेव्हा जर्मन इंजिनं त्याच्या निम्म्यावर अडखळत होती. आकारानं लहान, वजनानं हलकं, आणि ठिणगी विजेची. सरदार घराण्यातल्या काउंट द दिओंनी त्याची तीनचाकी बाजारात आणली, आणि युरोपभर त्या इंजिनाच्या खऱ्या-खोट्या नकला निघाल्या. म्हणजे इंजिन कसं करायचं हा प्रश्न बराचसा सुटला होता. उरला होता तो प्रश्न अगदी माझ्या मेकॅनिकसारख्या माणसाचा. कुठं बसवायचं?

सायकलीच्या मधोमध काय असतं ते आठवून पाहा. माणसाचे पाय. पेडलं, क्रँक, चेनचं मोठं चक्र, आणि दोन गुडघे वर-खाली. सायकल नावाच्या वस्तूचं सगळं शास्त्र त्या एका जागेभोवती रचलेलं. 1897 मध्ये ज्याच्याकडे सायकल होती त्याच्या दृष्टीनं ती माणसानं चालवायची चीज होती, आणि इंजिन हे चढावर थोडी मदत करणारं जोड-सामान. मदतीला आलेल्यानं मालकाची जागा घेऊ नये हे उघडच आहे. मग मोकळं काय उरतं? मागचं चाक चेननं गुंतलेलं. पुढचं चाक मात्र रिकामं, नुसतं वळण्याचं काम करणारं. त्याला ओढायला लावलं तर मागच्या यंत्रणेला हातही लावावा लागत नाही, माणूस पेडल मारत राहू शकतो, दोन्हीही एकमेकांच्या आड येत नाहीत. मला तर हा विचार अतिशय नेटका वाटतो. त्या काळात मी असतो तर मीही तिथंच बसवलं असतं, आणि मिशीवर तेल घेऊन पडलो असतो.

कारण ती गाडी पाडायची. लहानपणी दळणाचा डबा सायकलच्या हँडलला अडकवून गिरणीतून घरी आणलेल्यांना हे सांगायला नको. पाच किलो पीठ कॅरियरवर बांधलं तर जाणवत नाही, आणि तेच हँडलला टांगलं की सायकल आपल्या मनाची राहत नाही. वळायला जावं तर डबा आधी वळतो, आणि एकदा वळायला लागला की थांबत नाही. वेर्नेरच्या गाडीत तो डबा धातूचा, आत स्फोट होणारा, आणि हँडलच्या उंचीवर होता. वजन वर आणि पुढे, आणि त्याला हँडलबरोबर फिरवायचं. कोरड्या सरळ रस्त्यावर ठीक. पण पॅरिसचे रस्ते कसले? कुठं दगडी फरशीचे, कुठं लाकडी ठोकळे बसवलेले, त्यावर घोड्यांची लीद, त्यावर पाऊस. लाकडी ठोकळ्यांवर ओली लीद म्हणजे साबण. पुढचं चाक ओढत असताना बाजूला सटकलं की माणूस खाली, वर गाडी. आणि सुरुवातीच्या गाड्यांना ठिणगी विजेची नव्हती. एक प्लॅटिनमची नळी बर्नरच्या ज्योतीवर लाल होईस्तोवर तापवलेली, तिनं आतलं मिश्रण पेटायचं. म्हणजे गाडी आडवी झाली की एका बाजूला उघडी ज्योत, दुसऱ्या बाजूला सांडलेलं पेट्रोल. त्या काळच्या वर्णनांत घसरण्याची भीती सतत येते, आणि ती येते ती अपघात म्हणून कमी, हवामानासारखी जास्त. आज घसरणं आहे, उद्या नसेल.

तरीही लोकांनी ती घेतली.

हे मला सगळ्यात विचित्र वाटतं आणि आवडतंही. शेकड्यांनी घेतली. भावांनी लवकरच ज्योत काढून विजेची ठिणगी आणली, पट्टा सुधारला, इंजिन थोडं मोठं केलं. पहिलं 217 सीसीचं, पाऊण घोड्याचं. इंग्लंडात ह्युबर्ट एगर्टन नावाच्या माणसानं 1900 मध्ये अशाच वेर्नेरवर बसून लँड्स एंडपासून जॉन ओग्रोट्सपर्यंत, म्हणजे त्या बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास पाच दिवसांच्या आत केला. क्लच नाही, गिअर नाहीत, पुढे डोंगराळ स्कॉटलंड, थोड्या थोड्या अंतरावर हातपंपानं तेल मारायचं, चढ आला की पेडल मारायचं, पट्टा ओला झाला की थांबून पुसायचा. त्यानं काय विचार केला असेल? मला वाटतं त्यानं गाडीच्या दोषांचा विचारच केला नसेल. पायानं न ढकलता आपण पुढे जातो आहोत, आणि आपल्याला धाप लागत नाही, ही गोष्ट अंगात भिनायला दिवस लागत असणार. आमच्या काकांची सुवेगा मोपेड होती. पेडल मारून ती चालू करायची. मी पहिल्यांदा ती गल्लीत चालवली तेव्हा तिच्यात काय बरं, काय वाईट ते मला दिसलंच नाही. पेडल मारायचं थांबलो आणि तरीही झाडं मागे जात होती, एवढंच लक्षात आहे. काका मागून ओरडत होते, "ब्रेक कुठाय बघून ठेव आधी!"

सुवेगाचं हे आत्ता लिहिताना सुचलं, पण ते अगदीच आडवाटेचं नाही. सुवेगा ही मूळची फ्रेंच. मोतोबेकान कंपनीच्या मोबिलेत या मोपेडचं भारतात परवान्यानं बनलेलं रूप. पेडलं होती, पण पेडल मारत जायला कुणी ती गाडी घेतलेली नव्हती. इंजिन पायांजवळ, खाली. ही जागा कुणी ठरवली हे काकांना माहीत नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नाही.

ती जागा 1901 मध्ये ठरली, आणि वेर्नेर बंधूंनीच ठरवली. नवी वेर्नेर, असंच तिला म्हणत. तिचं चित्र जुन्या चित्राशेजारी ठेवलं की चारच वर्षांचं अंतर आहे यावर विश्वास बसत नाही. भावांनी सायकलीची फ्रेम खालून कापली. जिथं पेडलांचा क्रँक असतो, तिथल्या नळ्या बाजूला घेऊन तिथं इंजिनाचं गोल पोट, म्हणजे क्रँककेस, बसवलं. सिलिंडर उभा, दोन चाकांच्या मधोमध, जमिनीच्या जितकं जवळ आणता येईल तितका. क्रँककेस हाच फ्रेमचा एक भाग झाला, खालच्या नळ्या त्याच्यापाशी येऊन मिळायच्या. पेडलं गेली नाहीत, पण त्यांना मागे सरकावं लागलं, इंजिनाच्या पाठीशी. पट्टा आता मागच्या चाकाला. 262 सीसी, दीड-दोन घोडे. कार्ब्युरेटरही नव्या पद्धतीचा, फवारा उडवणारा. जुन्या यंत्रांत नुसत्या पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिला वास लावायची पद्धत होती, गाडी हिंदकळली की मिश्रण बदलायचं. या एका बदलानं गाडी घसरायची थांबली असं नाही. रस्ते तेच, लीद तीच. पण आता वजन हँडलबरोबर फिरत नव्हतं. गाडी कलली तरी ती आपल्या पायांच्या मधे कलत होती, आणि माणूस आपल्या शरीरानं तिला सावरू शकत होता. पुढचं चाक पुन्हा मोकळं झालं, नुसतं वळण्यासाठी.

माझ्या मते खरी हुशारी इंजिन हलवण्यात नव्हती. पेडलं हलवायची हिंमत होण्यात होती. आतापर्यंत सगळे सायकलीला इंजिन लावत होते. 1901 मध्ये भावांनी इंजिनाला दोन चाकं, एक सीट आणि एक हँडल लावलं, आणि ज्या जागेवर माणसाचे पाय बसले होते ती जागा यंत्राला देऊन टाकली. पेडलं ठेवली ती भीतीपोटी, सवयीपोटी, आणि चालू करायला. पुढची कैक वर्षं ती राहिली, मग पायठेवणं झाली, मग पाय ठेवायच्या दांड्यांवर गिअरचा खटका आला. पण तो तळातला हक्क एकदा गेला तो गेला.

शर्यतींनी त्याचा पुरावा दिला. 1902 ची पॅरिस-व्हिएन्ना, आल्प्स ओलांडून, आर्लबर्गचा घाट चढून. मोटारींत मार्सेल रेनो पहिला आला, आणि मोटरसायकलींत वेर्नेरवरचा ब्युके. पुढच्या वर्षी, 24 मे 1903, व्हर्सायहून पहाटे सुटलेली पॅरिस-माद्रिद. ही शर्यत इतिहासात वेगळ्याच कारणानं राहिली. रस्त्याच्या कडेला लोटलेली अफाट गर्दी, धूळ अशी की चालकाला पुढचं काही दिसेना, झाडांच्या शेंड्यांकडे बघून रस्ता ओळखायचा. मोटारी झाडांवर, माणसांवर आदळल्या. गेल्या वर्षीचा विजेता मार्सेल रेनो याच शर्यतीत गेला. फ्रेंच सरकारनं बोर्दोलाच शर्यत थांबवली, उरलेल्या मोटारी घोड्यांनी ओढत स्टेशनवर नेऊन आगगाडीनं परत पाठवल्या. त्या रक्तानं माखलेल्या यादीत मोटरसायकलींच्या रकान्यात पहिलं नाव पुन्हा वेर्नेर आणि पुन्हा ब्युके. असा विजय कुणी कसा साजरा केला असेल, मला कल्पना करवत नाही. त्याच वर्षी वेर्नेरनं दोन सिलिंडर शेजारी-शेजारी उभे असलेलं इंजिन आणलं, पाचशे सीसीच्या आसपासचं. नंतर कित्येक दशकं इंग्लिश गाड्यांनी ज्या ठेवणीवर मिरवलं, ती ठेवण.

आणि मग फार लवकर सगळं संपलं. मिशेल 1905 मध्ये गेला, यूजीन 1908 मध्ये, आणि त्या सुमारास मोटरसायकलींचं कामही बंद झालं. त्या आधीच भाऊ तीनचाकींकडे आणि लहान मोटारींकडे वळले होते; पैसेवाल्यांना आता छप्पर हवं होतं. खरं सांगायचं तर, दोघं जगले असते तरी त्यांची गाडी बाजारात टिकली असती का, शंकाच आहे. कारण 1901 ची ती जागा इतकी बरोबर निघाली की ती कुणाचीच राहिली नाही. बाकी कंपन्या एकामागून एक तिकडे आल्या. 1902 मध्ये ट्रायम्फची पहिली गाडी निघाली तेव्हा मिनर्व्हाचं इंजिन पुढच्या नळीवर अडकवलेलं होतं. काही वर्षांतच ट्रायम्फचं इंजिनही उभं राहून मधे आलं. 1907 च्या पहिल्या आइल ऑफ मॅन टीटी शर्यतीत जुळ्या सिलिंडरांच्या वर्गात जिंकलेल्या नॉर्टनच्या पोटात इंजिन प्यूजोचं, म्हणजे फ्रेंच. वेर्नेर मात्र कुठंच नाही. ज्यांनी इंजिनं विकली त्यांची नावं राहिली, ज्यांनी इंजिनाची जागा शोधली त्यांची गेली.

मला याचं वाईट वाटतं की नाही, अजून ठरलेलं नाही. एकीकडे चुटपुट आहे. गुडघ्यांच्या मधे इंजिन घेऊन मी रोज कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबतो, आजूबाजूला शंभर गाड्या थांबलेल्या, प्रत्येकीत इंजिन तिथंच, आणि त्या दोघांचं नाव एकालाही ठाऊक नाही. दुसरीकडे वाटतं, नाव राहण्याइतकी वेगळी गोष्ट होती तरी कुठे ती? एकदा सांगितल्यावर "मग दुसरीकडे कुठं बसवणार?" असंच प्रत्येक जण म्हणणार. माझा मेकॅनिक म्हणालाच. तो चुकला नव्हता. त्याला फक्त वेर्नेरांची पहिली चार वर्षं दिसली नव्हती, आणि ती दिसण्याची त्याला गरजही नव्हती. त्याच्या परातीतले बोल्ट त्या चार वर्षांशिवाय व्यवस्थित धुतले जात होते.

त्यात भर म्हणून पुढच्या चाकावरच्या इंजिनाची गोष्ट तिथं संपलीच नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, फ्रान्समध्येच वेलोसोलेक्स नावाची गाडी बाजारात आली. सोलेक्स म्हणजे कार्ब्युरेटरवाले. मेनेसों आणि गुदार या दोघांची कंपनी. काळी, बारीक, जवळजवळ सायकलच, आणि पुढच्या चाकाच्या वर, हँडलच्या पुढ्यात, एक गोलसर इंजिन! तरफ ओढली की इंजिनाखालचा रोलर टायरवर टेकायचा आणि घासून चाक फिरवायचा. पावसात रोलर घसरायचा. तरीही शिक्षिका, पाद्री, कॉलेजची पोरं, डबेवाले कामगार, सगळे तिच्यावर. लाखांनी खपली आणि 1988 पर्यंत फ्रान्समध्ये बनत राहिली. म्हणजे वेर्नेरांची पहिली कल्पना टाकाऊ नव्हती. त्यांचं इंजिन त्या जागेसाठी जड आणि उंच होतं. सोलेक्सचं पन्नास सीसीच्या आतलं, हलकं, कमी वेगाचं. त्याला ती जागा पेलली. जुन्या वेर्नेरवर पडून ढोपरं फोडून घेतलेला एखादा म्हातारा तेव्हा पॅरिसमध्ये हयात असेल, तर त्यानं शेजारणीच्या सोलेक्सकडे बघून काय म्हटलं असेल, हे ऐकायला मी पैसे दिले असते.

आता तर विजेच्या गाड्यांनी ती सगळी खातेवही पुन्हा उघडली आहे. आमच्या सोसायटीत नव्यानं आलेल्या एका स्कूटरखाली वाकून पाहिलं, मालक माझ्याकडे संशयानं बघत असताना. इंजिन नावाची चीजच नाही. जड काय ते बॅटरी, ती पायांखाली, दोन चाकांच्या मधे, जमिनीलगत. म्हणजे 1901 चीच जागा. आणि मोटर? ती मागच्या चाकाच्या पोटात, फिरणाऱ्या चाकाबरोबर. हे फेलिक्स मिये करत होते तेच. मालकाला मी म्हणालो, "ही कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, एका फ्रेंच माणसाची. पाच सिलिंडर बसवले होते त्यानं चाकात." ते म्हणाले, "अहो, ही तर मागच्याच महिन्यात घेतली," आणि चार्जर काढायला वर गेले.